दोन ही संख्या राहते कुठे? : गणित, भाषा आणि आपले वैशेषिक

औदुंबर

समोर टेबलावर दोन आंबे आहेत. पिवळेपणा पहिल्यात आहे, दुसऱ्यातही आहे. वास दोघांनाही आहे. मग ‘दोन’ कशात आहे? पहिला आंबा दोन नाही, दुसराही दोन नाही.

प्रश्न शाळकरी वाटेल. पण गणिताचं भाषेशी नातं काय, या वादाची सगळी टोकं मला याच प्रश्नात सापडतात. हा विषय निघाला की चर्चा लगेच तर्कशास्त्री गोडेलच्या प्रमेयांवर जाते आणि दोनचार जाणकार सोडून बाकीचे गप्प होतात. म्हणून मुद्दाम दोनपाशीच थांबून हा धागा काढतोय.

पहिली बाजू जर्मन गणिती गोटलोब फ्रेगेची. १८८४ साली अंकगणिताच्या पायाबद्दल त्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, संख्या हा वस्तूचा गुण असूच शकत नाही. हातात पत्त्यांचा कॅट दिला आणि नुसतं ‘किती?’ विचारलं तर काय सांगाल? कॅट एक आहे, पानं ५२ आहेत. वस्तू तीच, उत्तरं दोन. म्हणजे काय मोजायचं ते आधी ठरावं लागतं, आणि संख्या सांगते ती त्या ठरवलेल्या संकल्पनेबद्दल. ‘राजाच्या गाडीला चार घोडे आहेत’ या वाक्यातला ‘चार’ एकेका घोड्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता हे त्याने शोधलं कसं? आकाशाकडे बघून नाही, मनात डोकावूनही नाही. संख्येची वाक्यं कशी चालतात ते पाहून. शब्दाचा अर्थ सुटा विचारू नका, वाक्यात विचारा, हा त्याचा दंडक होता. संख्या म्हणजे नुसती बोलण्याची रीत आहे, असं मात्र तो म्हणत नव्हता. त्याच्या लेखी संख्या माणसाच्या मनावर अवलंबून नाहीत. फक्त त्यांच्याकडे जायची वाट वाक्यातून आहे. रोजची भाषा त्यासाठी पुरेशी काटेकोर नाही म्हणून १८७९ मध्येच त्याने स्वतःची चिन्हभाषा बनवली होती. साधी भाषा म्हणजे उघडा डोळा आणि ही म्हणजे सूक्ष्मदर्शक, असा दाखला त्यानेच दिला आहे. पुढे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचं १६ जून १९०२ चं पत्र आलं, ‘स्वतःचे सदस्य नसलेल्या सगळ्या संचांचा संच’ फ्रेगेच्या नियमांत बसवला की विसंगती निघते हे त्यात दाखवलं होतं, आणि इतक्या कष्टाने रचलेली इमारत पायापासून हलली.

दुसरी बाजू अगदी उलट टोकाची. डच गणिती ब्राउवर. १९०७ च्या प्रबंधापासून त्याचा आग्रह असा की गणित ही मनाची क्रिया आहे आणि तिला भाषा लागतच नाही. एक क्षण सरतो, दुसरा येतो, सरलेला आठवणीत राहतो. या अनुभवातला आशय काढून टाकला की उरतं ते नुसतं ‘एक आणि आणखी एक’. सगळं गणित त्याच्यातून मनाने उभारायचं. चिन्हं आणि वाक्यं ही फक्त आठवण ठेवायला आणि दुसऱ्याला सांगायला, आणि सांगण्यात चूक होणारच.

याचा परिणाम नुसता तात्त्विक नव्हता. पाय (π) या संख्येच्या दशांश विस्तारात 0123456789 हे अंक ओळीने कुठेतरी येतात का? आपण सहज म्हणतो, ‘येतात किंवा येत नाहीत, दोन्हींपैकी एक खरं असणारच.’ ब्राउवर म्हणतो, हे कशावरून? मर्यादित वस्तूंबद्दल बोलताना लागलेली ही सवय, ती भाषेने अनंतालाही चिकटवली. मनाने जोवर ना सापडण्याची रचना केली ना न सापडण्याची, तोवर ‘असणारच’ म्हणायला आधार नाही. त्या एका वाक्यापायी सिद्धतांचा केवढा मोठा भाग त्याने नाकारला!

आणि तिसरी बाजू, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. वैशेषिक हे आपल्याकडचं एक प्राचीन दर्शन. वैशेषिकांच्या मते संख्या हा गुण आहे, म्हणजे फ्रेगेच्या विरुद्ध. पण एकत्व वस्तूत असतं तसं द्वित्व, म्हणजे दोनपणा, आयतं बसलेलं नसतं. पाहणारा ‘हा एक, हा एक’ असं एकत्र ध्यानात घेतो. या जाणिवेला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. तिच्यामुळे द्वित्व उत्पन्न होतं आणि ती गेली की नष्ट होतं. ब्राउवरच्या ‘एक आणि आणखी एक’च्या इतक्या जवळ जाणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

माझं मत थोडक्यात: ‘दोन’ जन्माला कसा येतो याबाबत ब्राउवर आणि वैशेषिक खरे आहेत, त्यासाठी ध्यानात घेणारा कुणीतरी लागतो. पण माझा दोन आणि तुमचा दोन एकच आहे, हे भाषेशिवाय ठरूच शकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

त्रिज्या

धागा फार आवडला. वैशेषिकांच्या जोडीच्या न्यायदर्शनाचा थोडा अभ्यास आहे, म्हणून भर घालते आणि एका ठिकाणी अडवतेही.

अपेक्षाबुद्धीमुळे द्वित्व उत्पन्न होतं, हे बरोबर. पण उत्पन्न झाल्यावर ते राहतं आंब्यांत, मनात नाही. वैशेषिक कट्टर वास्तववादी आहेत. बुद्धी हे द्वित्वाचं निमित्तकारण, म्हणजे ते घडवून आणणारं कारण, द्वित्वाचं घर नव्हे. ब्राउवरचं सगळं गणित मनातच राहतं, म्हणून तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. हे प्रकरण तेव्हाही अवघड समजलं जायचं. ‘सर्वदर्शनसंग्रहा’त एक श्लोक येतो: ‘द्वित्वे च पाकजोत्पत्तौ विभागे च विभागजे। यस्य न स्खलिता बुद्धिस्तं वै वैशेषिकं विदुः॥’ ज्याची बुद्धी द्वित्वाच्या प्रकरणात घसरली नाही, तोच खरा वैशेषिक.

आता तुमचा मूळ प्रश्न. द्वित्व समवायाने, म्हणजे गुण वस्तूत ज्या अतूट संबंधाने राहतो त्याने, दोन्ही आंब्यांत राहत असेल, तर पहिल्या आंब्याकडे बोट दाखवून ‘हा दोन आहे’ असं का म्हणता येत नाही? नव्यनैयायिकांनी, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या शाखेतल्या पंडितांनी, यासाठी पर्याप्ती नावाचा वेगळा संबंध मानला. या संबंधाने द्वित्व दोघांत मिळून राहतं, एकेकट्यात राहत नाही. त्यांच्यातला रघुनाथ शिरोमणी त्याच्याही पुढे गेला. गुणात गुण राहत नाही, हा वैशेषिकांचा नियम. मग ‘रूप आणि रस हे दोन गुण’ असं आपण म्हणतो ते कसं? म्हणून त्याने संख्येला गुणांच्या यादीतून काढून स्वतंत्र पदार्थ, म्हणजे असण्याचा वेगळाच प्रकार, मानलं. संख्येला वस्तूंच्या रंगरूपाच्या पंगतीत बसवता येत नाही, हे फ्रेगेचंही म्हणणं. डॅनियल इंगल्स यांनी १९५१ मध्ये नव्यन्यायावर लिहिताना ही जवळीक दाखवली आहे.

आणि गंमत बघा, इथेही सगळी तपासणी ‘असं का म्हणतो, तसं का म्हणत नाही’ अशीच चालते.

कोकणकडा

अपेक्षाबुद्धी मला पटत नाही. मंगळाचे दोन चंद्र १८७७ साली सापडले. त्याआधी ते कुणी मोजलेच नव्हते. मग काय, ते दोन नव्हते? फ्रेगे म्हणतो तसं, संख्या मनावर अवलंबून नसते. माणूस संपला तरी ७ ही मूळ संख्याच राहील. भाषेचा आणि गणिताचा संबंध नकाशा आणि डोंगर यांच्यापलीकडे आहे असं मला वाटत नाही.

त्रिज्या

@कोकणकडा, हा आक्षेप वैशेषिकांनी स्वतःच घेतला होता, आणि चंद्रांपेक्षा जास्त अडचणीच्या जागी. दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं आणि द्व्यणुकाचं परिमाण परमाणूंच्या द्वित्वातून येतं, असं त्यांचं भौतिकशास्त्र. पण सृष्टीच्या आरंभी ‘हा एक, हा एक’ म्हणणारा माणूस कुठे होता? त्याच परंपरेतल्या उदयनाचार्यांचं उत्तर: ईश्वराची अपेक्षाबुद्धी. ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीच्या हेतूंची यादी आहे, त्यात ‘संख्याविशेषात्’ हा हेतू हाच आहे. ईश्वर मानायचा की नाही ते सोडून द्या. संख्येला जाणणारा लागतो, या म्हणण्याची किंमत किती मोठी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि ती त्यांनी मोजली. ती किंमत नको असेल तर तुम्हाला फ्रेगेसारखं संख्यांचं एक वेगळंच जग मानावं लागेल. तिथे आपलं मन पोहोचतं कसं, ते मग तुम्ही सांगा.

सांजवेळ

तत्त्वज्ञानात माझी गती नाही, पण मानसशास्त्र शिकवते. या प्रश्नावर प्रत्यक्ष माणसांसोबत काम झालेलं आहे, ते इथे यायला हवं.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत संख्यांना नावं साधारण ५ पर्यंतच आहेत. २००४ मध्ये पिएर पिका आणि सहकाऱ्यांनी त्यांना ठिपक्यांचे मोठे समूह दाखवले. कुठले जास्त, दोन समूह मिळवले तर तिसऱ्यापेक्षा जास्त होतील का, हे अदमासाने ते चांगलं सांगत. नेमकं किती उरले विचारलं की गडबड व्हायची. म्हणजे अदमास भाषेशिवाय चालतो, नेमकेपणा अडतो.

कुणी म्हणेल, त्यांना नेमकं मोजायची गरजच पडत नसेल. म्हणून दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निकाराग्वात काही कर्णबधिर प्रौढ आहेत, ज्यांना बोली भाषाही मिळाली नाही आणि प्रस्थापित खुणांची भाषाही नाही. घरच्यांशी स्वतःच तयार केलेल्या खुणांनी ते बोलतात. ते कामं करतात, पैसे हाताळतात, आजूबाजूचा सगळा समाज मोजणारा आहे. २०११ च्या अभ्यासात त्यांना समोर जेवढ्या वस्तू तेवढ्याच मांडायला सांगितलं, तर ३ च्या पुढे उत्तर जवळपास यायचं, पण नेमकं येईलच असं नाही. बोटं दाखवायचे ते. पण मोजण्याची ठरलेली ओळ, एकामागून एक न चुकता म्हणायची, ती त्यांना कुणी दिलीच नव्हती.

उलट बाजूचाही पुरावा आहे. २००५ मध्ये रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा होऊन व्याकरण गमावलेल्या ३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘सिंहाने माणसाला मारलं’ आणि ‘माणसाने सिंहाला मारलं’ यातला फरक त्यांना लागत नव्हता. पण ५९ − १३ आणि १३ − ५९ यातला फरक लागत होता, कंसांची उदाहरणंही सुटत होती.

मला यातून दिसतं ते असं: नेमकी संख्या हाती यायला भाषा लागते, पण एकदा आली की ती भाषेवाचून चालू शकते. लहान मुलांकडे बघूनही मला हेच वाटतं.

चिंचेचं झाड

आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सांजवेळ यांच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: मूल लिहिताना आधी ६ लिहितं, मग ३, आणि बोलताना आधी तीन येतात. आकडा एक सांगतो आणि शब्द दुसरंच, म्हणून मुलं ६३ चे ३६ करतात. वर्गात हे मी इतक्या मुलांच्या वहीत पाहिलंय की मला ती सुधारणा जवळची वाटली. भाषा बिघडवली म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात बसून पाहायला हवं होतं. कोकणकडा, नकाशा वाईट असला तर माणूस डोंगरावर पोहोचतच नाही, एवढंच मी म्हणेन.

पाऊलवाट

म्युनिकहून वाचतोय. इतकी चर्चा झाली आणि पाणिनी आला नाही, म्हणून लिहितो.

आपण सगळे ‘गणिताला भाषा लागते का’ असं विचारतोय. पाणिनीकडे प्रश्न उलटा फिरतो: भाषेलाच गणिताची शिस्त लावली तर? ‘इको यणचि’ हे सूत्र घ्या. तीन पदं. ‘इकः’ षष्ठी, ‘यण्’ प्रथमा, ‘अचि’ सप्तमी. रोजच्या संस्कृतात षष्ठी म्हणजे ‘चा-ची-चे’. पण पाणिनीने आधीच दोन सूत्रांत ठरवून टाकलंय: षष्ठी ज्याला आहे त्याच्या जागी बदल करायचा, सप्तमी ज्याला आहे ते पुढे असताना करायचा. म्हणून अर्थ निघतो: पुढे स्वर असताना इ, उ, ऋ, ऌ च्या जागी य, व, र, ल. दधि + अत्र = दध्यत्र. विभक्ती इथे विभक्ती राहिलेली नाही, तिचं चिन्ह झालंय. फ्रेगेने साधी भाषा बाजूला ठेवून नवी चिन्हं काढली. पाणिनीने साध्या भाषेचेच प्रत्यय घेतले आणि त्यांना चिन्हांचं काम दिलं. १९६७ मध्ये संगणकभाषांच्या व्याकरणाची बाकस-नाउर पद्धत पाणिनीच्या नावाने ओळखावी असं पीटर इंगरमन यांनी सुचवलं होतं, ते यामुळेच.

फ्रिट्स स्टाल यांनी १९६५ मध्ये युक्लिड आणि पाणिनी यांची तुलना केली. ग्रीक विचाराला भूमितीने आकार दिला तसा भारतीय विचाराला व्याकरणाने दिला, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंचसं पटतं. आपल्याकडे ‘सिद्ध झालं’ म्हणण्याआधी ‘असं म्हणता येतं का’ हे तपासायची खोड आहे, ती त्रिज्या यांच्या प्रतिसादातही दिसते.

औदुंबर

सगळ्यांचे आभार. त्रिज्या, तुमची दुरुस्ती महत्त्वाची आहे आणि तिच्यामुळेच माझं म्हणणं पुढे नेता येतंय. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्याय-वैशेषिकांच्या ग्रंथात संख्येचं लक्षण आहे: ‘एकत्वादिव्यवहारहेतुः संख्या’. ‘एक’, ‘दोन’ असा जो व्यवहार आपण करतो, त्याचं कारण ती संख्या. म्हणजे संख्या दाखवताना त्यांनी बोट वस्तूकडे केलं नाही, मनाकडेही नाही, व्यवहाराकडे केलं.

इथे मला तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन आठवतो. १९२८ च्या मार्चमध्ये ब्राउवरचं व्हिएन्नात व्याख्यान झालं ते त्याने ऐकलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तो केंब्रिजला तत्त्वज्ञानाकडे परतला. पण निष्कर्ष त्याने ब्राउवरच्या उलट काढला. त्याचं प्रसिद्ध उदाहरण बघा. मुलाला ‘दोन-दोन मिळवत जा’ असं शिकवलं. १००० पर्यंत बरोबर लिहिलं. पुढे त्याने १००४, १००८ असं लिहायला सुरुवात केली आणि म्हणतो, ‘मी तर आधीसारखंच करतोय.’ त्याला चूक कशी दाखवाल? मनातल्या अंतःप्रेरणेकडे बोट दाखवून उपयोग नाही, त्याची अंतःप्रेरणा त्याला तेच सांगतेय. शेवटी आपण म्हणतो, ‘आपल्याकडे असं करतात.’ ब्राउवरकडे या मुलाला द्यायला उत्तर नाही. त्याच्या एकांतात ‘बरोबर’ आणि ‘मला बरोबर वाटतं’ यांत फरकच उरत नाही. सांजवेळ यांनी सांगितलेल्या निकाराग्वाच्या माणसांकडे मनही होतं, बोटंही होती. नव्हती ती सगळ्यांनी मिळून सांभाळलेली ओळ.

कोकणकडा

मग गणिती ॲलन ट्युरिंगचा मुद्दा घ्या. १९३९ साली केंब्रिजमध्ये विट्गेनश्टाइन गणिताच्या पायावर व्याख्यानं देत होता तेव्हा ट्युरिंग श्रोत्यांत होता. विट्गेनश्टाइन म्हणत होता, विसंगतीची एवढी भीती कशाला? ट्युरिंगने सांगितलं, विसंगती असलेलं गणित वापरून पूल बांधाल तर तो पडू शकतो. मला हे एक उत्तर पुरेसं आहे. ‘आपल्याकडे असं करतात’ म्हणून पूल उभा राहत नाही. सगळ्या गावाने ठरवलं तरी चुकीच्या गणिताचा पूल पडतोच. म्हणजे व्यवहाराच्या बाहेर काहीतरी आहे, जे व्यवहाराला ‘चूक’ म्हणतं.

चिंचेचं झाड यांचा मुद्दा मात्र मान्य. पोहोचायला भाषा लागते. माझा वाद पोहोचण्याबद्दल नाही, असण्याबद्दल आहे.

औदुंबर

@कोकणकडा, पूल पडतो हे खरंच आहे. पण पडलेला पूल आपल्याला सांगतो की काहीतरी चुकलं. बेरीज चुकली, की पोलादाची ताकद मोजायला चुकलो, की वाऱ्याचा जोर धरलाच नाही, हे पूल सांगत नाही. पूल पडल्यावर आजवर कुणी ‘७ + ५ = १२’ सोडून दिलेलं नाही. ते वाक्य आपण चौकशीच्या बाहेर ठेवतो आणि त्याच्या आधाराने बाकीची चौकशी करतो. विट्गेनश्टाइनचा रोख तिकडे होता असं मी समजतो. विसंगतीबद्दल मात्र मी ट्युरिंगच्या बाजूने आहे. तिथे विट्गेनश्टाइनने प्रश्न फारच हलका घेतला, आणि त्या व्याख्यानांच्या टिपणांतून ट्युरिंगचीच चिकाटी जास्त दिसते.

रानजाई

उशिरा वाचतेय. एक शंका. तो 0123456789 चा क्रम पायमध्ये १९९७ मध्ये सापडला ना? यासुमासा कानाडा या जपानी गणितज्ञांनी संगणकावर काढला, दशांश चिन्हानंतर १७३८ कोटींच्याही पुढे. मग ब्राउवर हरला म्हणायचा का? तो क्रम तिथे आधीपासून होताच की!

औदुंबर

नाही, ब्राउवर हरला नाही. सापडल्यामुळे ‘येतो’ हे विधान आता रचनेने सिद्ध झालं, आणि त्याला तेच हवं होतं. शिवाय तिथपर्यंतचे अंक काढायची रीत आधीपासून हातात होती, म्हणून ‘इतक्या स्थानांच्या आत येतो की नाही’ या मर्यादित प्रश्नाला उत्तर आहेच, हे तो १९०७ मध्येही मान्य करायचा. त्याची हरकत मर्यादा न घालता विचारलेल्या प्रश्नाला होती. उदाहरण जुनं झालं, एवढंच. त्याच्या जागी सलग हजार शून्यं घ्या. ती पायमध्ये कुठे येतात का, हे आज कुणाला माहीत नाही. ‘येतात किंवा येत नाहीत’ हे वाक्य तुम्ही आत्ताच खरं मानता का? मानत असाल तर कोकणकडा यांच्या बाजूला आलात, आणि त्रिज्या यांनी त्यांना विचारलेला प्रश्न आता तुमच्यावर आहे.